प्राचीन खडकांतील जीवसृष्टीच्या रासायनिक खुणा : खूण खडकाइतकीच जुनी आहे, हे कशावरून ठरते?

कृष्णाकाठ (कऱ्हाड), धागाकर्ता

मंडळींना नमस्कार.

‘पृथ्वीवरील जीवसृष्टीचा सर्वांत जुना पुरावा सापडला’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून आपल्या वर्तमानपत्रांतही येते आणि दर वेळी आकडा निराळा असतो. कुठे ३३० कोटी वर्षे, कुठे ३७०, कुठे ४१०. माझे आयुष्य भूशास्त्र शिकवण्यात गेले आणि हा विषय मला मनापासून जवळचा वाटतो, म्हणून या आकड्यांच्या मागे नेमके काय मोजलेले असते यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

शंख, हाडे, पानांचे ठसे असे डोळ्यांना दिसणारे जीवाश्म सुमारे ५४ कोटी वर्षांपासून पुढच्या खडकांत विपुल आढळतात. त्याआधीचा कितीतरी मोठा काळ सूक्ष्मजीवांचा होता. ज्या गाळात ते गाडले गेले, त्या गाळाचा खडक झाला, तो खडक पुढे जमिनीखाली खोल गेला, शेकडो अंश तापला, दाबला गेला आणि त्याला घड्या पडल्या. एवढ्या उष्णतेत पेशीचा आकार टिकत नाही. हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन बहुतांशी निघून जातात आणि उरतो तो कार्बन, तोही ग्रॅफाइटच्या रूपात. आरंभीच्या जीवसृष्टीविषयी आपण जे काही बोलतो, त्यातले बरेचसे या काळ्या कणांच्या रसायनावर उभे आहे.

या कणांत पाहतात ते कार्बनच्या दोन समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण. निसर्गातील कार्बनपैकी सुमारे ९८.९ टक्के कार्बन-१२ असतो आणि सुमारे १.१ टक्का कार्बन-१३. प्रकाशसंश्लेषण करणारे जीव कार्बन डायऑक्साइड पकडताना हलका कार्बन-१२ अधिक सहजतेने घेतात, त्यामुळे त्यांच्या शरीरात कार्बन-१३ थोडा कमी भरतो. सागरी चुनखडीत हे प्रमाण शून्याच्या आसपास धरले, तर सेंद्रिय द्रव्यात ते साधारणपणे हजारी उणे २५ च्या जवळ येते. पश्चिम ग्रीनलंडमधील इसुआ येथल्या ३७० कोटी वर्षांहून जुन्या सागरतळाच्या गाळात मिनिक रोसिंग यांना १९९९ मध्ये ग्रॅफाइटचे अतिसूक्ष्म कण मिळाले आणि त्यांचे मूल्य हजारी उणे १९ च्या सुमारास निघाले. त्या काळच्या समुद्रात तरंगणारे सूक्ष्मजीव मरून तळाशी बसले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो आजही वजनदार मानला जातो.

माझा खरा मुद्दा मात्र पुढचा आहे. कार्बन हलका आहे एवढे सांगून भागत नाही. तो कार्बन त्या खडकात पहिल्यापासून होता की नंतर शिरला, हे आधी सिद्ध व्हावे लागते. आपल्याकडे विहीर खोदताना किंवा खाणीत काळ्या पाषाणातल्या पोकळ्या फुटतात, तेव्हा आत अ‍ॅपोफिलाइटचे हिरवट स्फटिक आणि स्टिल्बाइटचे मोतिया रंगाचे पाकळीदार झुबके दिसतात. बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, पण पोकळीतले स्फटिक लाव्हा थिजल्यानंतर खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने आणून बसवलेले, आणि त्यांतले काही तर कोट्यवधी वर्षांनंतरचे. पाषाणाचे वय स्फटिकाला लावले तर उत्तर सरळसरळ चुकेल. हीच गोष्ट ३८० कोटी वर्षांच्या खडकातल्या काळ्या कणालाही लागू आहे आणि गेल्या तीस वर्षांतले या विषयातले मोठे वाद बहुतेक याच जागेवर झाले आहेत.

आपली मते आणि शंका जरूर मांडाव्यात.

द्राक्षवेल (तासगाव)

सर, विषय फार सुंदर मांडला आहे. मी बागायतदार आहे, विज्ञान बारावीपर्यंत शिकलो. ‘हजारी उणे २५’ म्हणजे कशाच्या तुलनेत उणे, हे कोणी नीट समजावून सांगेल का? आणि वनस्पती हलका कार्बन वेचून घेते, हे आजच्या एखाद्या पिकात मोजून दाखवता येते का? तसे असेल, तर माझ्यासारख्याचा विश्वास लवकर बसेल.

अणुरेणू (मिरज)

दादा, आपल्याच जिल्ह्यातली पिके घेऊन सांगते. माझे काम अन्नपदार्थांच्या रासायनिक तपासणीचे आहे आणि हे मोजमाप आमच्या क्षेत्रात नित्याचे आहे.

तुलना एका ठरावीक प्रमाणाशी केली जाते. मूळ प्रमाण म्हणून अमेरिकेतील साउथ कॅरोलिनामधल्या पीडी या भूस्तरातील एका सागरी प्राण्याचा चुनखडीयुक्त जीवाश्म घेतला होता. त्या प्रमाणात ठरावीक कार्बन-१२ मागे कार्बन-१३ चे १००० अणू असतील आणि तुमच्या नमुन्यात तितक्याच कार्बन-१२ मागे ९७५ असतील, तर नमुन्याचे मूल्य हजारी उणे २५. फरक इतका बारीक असतो की तो वस्तुमान वर्णपटमापकावरच (मास स्पेक्ट्रोमीटर) दिसतो.

आता पिके. द्राक्षाच्या पानात कार्बन पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे विकर (एन्झाइम) थेट करते आणि ते कार्बन-१२ ला झुकते माप देते. म्हणून द्राक्षातल्या साखरेचे मूल्य उणे २५ च्या आसपास येते. ऊस, मका आणि जतकडची ज्वारी यांची पद्धत निराळी आहे. त्यांच्यात दुसरे एक विकर कार्बन आधी पकडून साठवते, त्यामुळे वेचण्याला वाव कमी उरतो आणि मूल्य उणे ११ ते १३ च्या दरम्यान राहते. मधात उसाच्या साखरेचा पाक मिसळला आहे का, हे याच फरकावरून ओळखतात. मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती बहुतेक झाडे द्राक्षाच्या गटातली असतात, म्हणून महाबळेश्वरच्या जंगलातला निर्भेळ मध उणे २५ च्या जवळपास असायला हवा. उसाची साखर मिसळली की आकडा शून्याकडे सरकतो. साखर रासायनिकदृष्ट्या कितीही शुद्ध केली, तरी तिच्यातला कार्बन कोणत्या वनस्पतीने पकडला याची नोंद पुसता येत नाही.

ग्रीनलंडच्या कणांकडे पाहण्याची रीत मुळात हीच आहे. फरक एवढाच की मधाच्या बाबतीत मधमाशी आणि ऊस हे दोनच पर्याय समोर असतात. खडकाच्या बाबतीत ‘जीव नसतानाही असा कार्बन बनू शकतो’ हा तिसरा पर्याय उभा राहतो आणि तो फार बळकट आहे. लोखंडयुक्त खनिजांच्या सान्निध्यात, उष्ण पाण्यात, कार्बनच्या साध्या वायूंपासून हायड्रोकार्बन तयार होतात. प्रयोगशाळेत केलेल्या अशा प्रयोगांतही जीवांच्या तोडीची कार्बन-१३ ची घट मिळालेली आहे. म्हणून निव्वळ एका आकड्यावर मी तरी कधीच अहवाल देणार नाही.

द्राक्षवेल (तासगाव)

ताई, आता नेमके कळले. आभारी आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

सर, एक गोष्ट मला खटकते. १९९६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात ३८० कोटी वर्षांपूर्वी जीवसृष्टी असल्याचा पुरावा प्रसिद्ध झाला आणि तोच आकडा अनेक पुस्तकांत आला. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवतो. पुढे त्यावर इतके आक्षेप आले असतील, तर मुलांना काय सांगायचे? तज्ज्ञांचे एकमत होत नसेल, तर या सगळ्या शोधांना कितपत अर्थ आहे, असा प्रश्न मुले मला विचारतात.

कृष्णाकाठ (कऱ्हाड), धागाकर्ता

आपण म्हणता ते प्रकरण ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरील अकिलिया बेटाचे. ते तपशिलात पाहण्यासारखे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

स्टीफन मोझ्झिस आणि सहकाऱ्यांनी तेथील पट्टेदार खडकात अ‍ॅपेटाइट या फॉस्फेटयुक्त खनिजाचे कण पाहिले आणि त्या कणांच्या पोटात हलक्या कार्बनचे ग्रॅफाइट असल्याचे सांगितले. युक्तिवाद आकर्षक होता. फॉस्फेट जीवांशी निगडित, कार्बन हलका, आणि तो खनिजाच्या आत बंदिस्त असल्याने बाहेरून आलेला नाही. २००२ मध्ये क्रिस्टोफर फेडो आणि मार्टिन व्हाइटहाउस यांनी मूळ गृहीतकालाच हात घातला. हा खडक समुद्रात साचलेला गाळ नाहीच, तो मुळात अग्निज खडक आहे आणि नंतर त्यातून फिरलेल्या उष्ण द्रवांमुळे तो पट्टेदार दिसू लागला, असे त्यांनी मांडले. अग्निज खडकात समुद्रातले सूक्ष्मजीव गाडले जाण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच वर्षी मार्क व्हॅन झाउलेन आणि सहकाऱ्यांनी इसुआच्या काही खडकांतला ग्रॅफाइट लोहयुक्त कार्बोनेट तापून फुटल्यामुळे तयार झाल्याचे मांडले. त्यात जीवाचा काही संबंध नाही. पुढे एका गटाला अकिलियाच्या अ‍ॅपेटाइटमध्ये ग्रॅफाइट सापडलेच नाही, तर २००७ मध्ये दुसऱ्या गटाला रामन वर्णपटाच्या (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून द्रव्य ओळखण्याच्या पद्धतीच्या) साहाय्याने ते पुन्हा सापडले. कण आहेत, पण ते केव्हाचे आणि कशाचे, हा वाद शिल्लक राहिला.

मुलांना मी असे सांगेन, की अकिलियाचा दावा आज भक्कम मानला जात नाही, पण इसुआच्या गाळातला रोसिंग यांचा पुरावा वेगळा आहे. तिथे खडक गाळाचाच आहे, हे थरांच्या रचनेवरून दिसते आणि कार्बन त्या थरांना धरून पसरलेला आहे. २०१७ मध्ये त्याच परिसरातल्या गार्नेट स्फटिकांच्या आत अडकलेला कार्बन तपासला गेला. गार्नेट वाढताना मूळ गाळाचे थर त्याच्या पोटात तसेच राहून गेले होते आणि त्या थरांच्या ओळीत असलेल्या कार्बनसोबत नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फॉस्फरस यांच्या खुणा आढळल्या. स्फटिकाची भिंत एकदा बंद झाल्यावर आत काही शिरणे अवघड. ‘खूण खडकाइतकी जुनी’ हे म्हणण्यासाठी असा आधार लागतो. एकमत होण्यास वेळ लागतो आहे, कारण प्रत्येक आक्षेपासाठी नवे मोजमाप करावे लागते. त्या मोजमापांनीच आपले ज्ञान पुढे सरकलेले आहे.

वाईचा घाट

मी भूरसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. खडकाबाहेरून शिरलेल्या कार्बनचे सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या पिल्बरा भागातले आहे, ते येथे नोंदवावेसे वाटते.

सूक्ष्मजीवांच्या आवरणातील काही मेदरेणूंचा सांगाडा इतका चिवट असतो की जीव मेल्यावर कोट्यवधी वर्षे तो ओळखता येतो. त्यांना जैवचिन्हक म्हणतात. होपेन हे जीवाणूंचे आणि स्टेरेन हे केंद्रकयुक्त पेशींचे. १९९९ मध्ये योखेन ब्रॉक्स आणि सहकाऱ्यांनी पिल्बरातील २७० कोटी वर्षांच्या शेल या चिखलापासून झालेल्या थरदार खडकातून स्टेरेन मिळाल्याचे जाहीर केले. याचा अर्थ केंद्रकयुक्त पेशी, म्हणजे आपल्या पूर्वजांची शाखा, तेव्हाही होती. त्या पेशींचे निश्चित जीवाश्म त्याहून शंभर कोटी वर्षे आणि अधिक अलीकडचे असल्याने हा शोध फार गाजला.

पण तो खडक २०० अंशांहून अधिक तापलेला होता आणि अशा उष्णतेत हे रेणू टिकावेत कसे, ही शंका राहिली. २००८ मध्ये बिर्गर रासमुसेन यांच्या गटाने त्याच खडकातला मूळचा, जागेवर घट्ट झालेला कार्बन सूक्ष्म आयनशलाकेने मोजला. त्याचे समस्थानिक प्रमाण आणि विद्रावकाने काढलेल्या, ज्यात ही जैवचिन्हके होती त्या तेलाचे प्रमाण जुळेना. म्हणजे तेल खडक तापून झाल्यानंतर कधीतरी आत आले होते. या शोधनिबंधाच्या लेखकांत ब्रॉक्स स्वतः होते. पुढे त्यांनी गाभ्याचे, म्हणजे छिद्रातून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाचे, बारीक काप काढून दाखवले की हायड्रोकार्बन पृष्ठभागालगत जास्त आणि आत जाल तसे कमी होत जातात. मग शास्त्रज्ञांनी पिल्बरात मुद्दाम नवे छिद्र घेतले, ज्यात खोदकामापासून नमुना गुंडाळण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर तेलाचा अंश लागणार नाही याची दक्षता घेतली, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या खडकात असे रेणू मिळाले नाहीत. भरवसा ठेवण्याजोगी सर्वांत जुनी जैवचिन्हके आज उत्तर ऑस्ट्रेलियाच्या सुमारे १६४ कोटी वर्षांच्या बार्नी क्रीक खडकांतली मानतात. एका प्रदूषणाच्या शोधामुळे जैवचिन्हकांचा इतिहास शंभर कोटी वर्षांनी आखडला.

कोयनाकाठ (पाटण)

वरचा प्रतिसाद वाचून आमच्या भागातल्या छिद्रांची आठवण झाली. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला आणि धरणाच्या परिसरात तेव्हापासून धक्के बसत आहेत. त्यांचा अभ्यास करण्यासाठी केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडजवळ हजारमाची येथे प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीचे छिद्र घेतले. वरचा सव्वा किलोमीटर बेसाल्ट आहे आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा आधारखडक लागतो. मध्ये गाळाचा थर नाही. तो आधारखडक सुमारे २७० कोटी वर्षांचा आहे, म्हणजे ताईंनी सांगितलेल्या पिल्बराच्या शेलचा समवयस्क. एका विज्ञान प्रदर्शनात मी या भागातला गाभा हाताळला होता. बेसाल्टाचा तुकडा काळसर, एकसंध, आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या आधारखडकात गुलाबी फेल्डस्पारचे दाणे, धुरकट क्वार्ट्‌झ आणि काळ्या अभ्रकाच्या आडव्या रेषा स्पष्ट दिसत होत्या.

मला विचारायचे आहे ते असे, की आपल्या पायांखाली एवढा जुना खडक असेल, तर त्यात आरंभीच्या जीवांची खूण सापडू शकेल का?

कृष्णाकाठ (कऱ्हाड), धागाकर्ता

पाटणच्या मित्रांनी प्रश्न उत्तम विचारला आहे. ग्रॅनाइट हा शिलारस खोलवर थिजून तयार होतो, त्यामुळे त्यात त्या काळच्या समुद्रातले जीव असणार नाहीत. जुन्या जीवाची खूण शोधायची तर मुळात गाळाचा खडक हवा.

पण कोयनेच्या गाभ्यात जे मिळाले, ते आपल्या चर्चेला अगदी लागून आहे. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी या छिद्रांच्या बेसाल्टात आणि आधारखडकात आज जगणारे सूक्ष्मजीव शोधले आणि त्यांचा डीएनए मिळवला. खोल, अंधाऱ्या खडकातल्या भेगांत जीवाणू आणि आर्किया (जीवाणूंसारखेच, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) राहतात. आता असा विचार करा, की हे जीव मरतील, त्यांचा कार्बन भेगेत साचेल, पुढे हा खडक पुन्हा तापला तर तो ग्रॅफाइट होईल, आणि काही कोटी वर्षांनी कोणी तो मोजला तर त्याला २७० कोटी वर्षांच्या खडकात हजारी उणे २५ चा कार्बन मिळेल. मोजमाप बरोबर, कार्बन जीवाचाच, आणि तरीही वयाचा निष्कर्ष साफ चुकीचा. म्हणून कण भेगेत आहे की दाण्याच्या आत, आणि तो खडकाइतकाच तापला होता का, हे रामन वर्णपटावरून तपासतात. कार्बन जितका तापेल तितके त्याचे स्फटिक सुव्यवस्थित होतात आणि वर्णपटातील दोन शिखरांच्या प्रमाणावरून सर्वाधिक तापमान काढता येते. खडक ५०० अंशांपर्यंत तापलेला आणि कार्बन मात्र २०० अंशांचाच, असे निघाले तर तो उशिरा आलेला पाहुणा आहे, हे उघड होते.

अजिंक्यतारा (सातारा)

सर, मग ४१० कोटींचा आकडा कशावर आधारलेला आहे? तेव्हाचे खडक तर शिल्लकच नाहीत ना?

वाईचा घाट

सर उत्तर देतीलच, पण थोडक्यात लिहिते. त्या वेळचे गाळाचे खडक नाहीत, पण झिरकॉन या अतिशय चिवट खनिजाचे दाणे आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्सच्या, त्यामानाने अलीकडच्या वालुकाश्मात ते वाहून आलेले आहेत. एलिझाबेथ बेल आणि मार्क हॅरिसन यांच्या गटाने १०,००० हून अधिक दाणे धुंडाळले आणि २०१५ मध्ये ४१० कोटी वर्षांच्या एका दाण्यात ग्रॅफाइट असल्याचे, त्याचे मूल्य हजारी उणे २४ असल्याचे सांगितले. दाण्याला तडा नसल्याने ग्रॅफाइट नंतर शिरलेला नाही, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. सरांच्या निकषावर हा पुरावा उतरतो. मात्र ज्या शिलारसातून दाणा घडला, त्यात तो कार्बन कुठून आला, हे एका दाण्यावरून सांगता येत नाही आणि अणुरेणूताईंचा तिसरा पर्याय तिथे पूर्णपणे खुला राहतो.

अणुरेणू (मिरज)

कार्बन इतका बेभरवशाचा असेल, तर गंधकाकडे पाहावे, असे मी सुचवेन. पायराइट हे लोखंड आणि गंधकाचे खनिज तापल्यावरही आपले समस्थानिक बऱ्यापैकी राखून ठेवते. पिल्बरातल्याच सुमारे ३५० कोटी वर्षांच्या बॅराइट या सल्फेटयुक्त खनिजामधील पायराइटात गंधक-३४ ची घट आढळली आणि सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंची ती खूण असावी, असे २००१ मध्ये मांडले गेले.

गंधकाने याहून मोठी गोष्ट सांगितली ती २००० मध्ये. जेम्स फारकर आणि सहकाऱ्यांना दिसले की सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच्या खडकांत गंधकाचे समस्थानिक वस्तुमानाच्या नेहमीच्या नियमाने वेगळे होत नाहीत. ही विसंगती हवेत ऑक्सिजन जवळजवळ नसताना, अतिनील किरणांनी गंधकाचे वायू फुटल्यावरच निर्माण होते आणि टिकते. पुढच्या खडकांत ती नाहीशी होते. हवेत ऑक्सिजन साचू लागला तो सूक्ष्मजीवांच्या प्रकाशसंश्लेषणामुळे. एका पेशीचा कण हाती न लागताही साऱ्या पृथ्वीच्या हवेत जीवसृष्टीने घडवलेला बदल खडकात वाचता येतो, हे मला फार विलक्षण वाटते.

सह्यकडा (महाबळेश्वर)

२०२५ च्या नोव्हेंबरात आलेल्या संशोधनाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. कार्नेगी संस्थेतील रॉबर्ट हेझन, मायकेल वाँग आणि सहकाऱ्यांनी ४०६ नमुने तापवून त्यांचे रेणू फोडले, त्या तुकड्यांचा नकाशा संगणकाला शिकवला आणि जीवजन्य व निर्जीव द्रव्य ओळखायला लावले. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ३३० कोटी वर्षांच्या चर्ट या सिलिकायुक्त गाळाच्या खडकातही संगणकाला जीवाची खूण दिसली आणि २५० कोटी वर्षांच्या खडकांत प्रकाशसंश्लेषणाची. एकेक रेणू शोधण्यापेक्षा साऱ्या तुकड्यांची घडण पाहणे, ही दिशा मला योग्य वाटते. जैवचिन्हके तुटून गेलेल्या खडकांतूनही यामुळे काही वाचता येईल.

कृष्णाकाठ (कऱ्हाड), धागाकर्ता

दिशा योग्य आहे, हे मलाही मान्य आहे. माझा आग्रह एकच. संगणक ‘हे जीवजन्य आहे’ असे सांगतो, ‘हे ३३० कोटी वर्षांपूर्वीचे आहे’ असे सांगत नाही. वयाचा भाग भूशास्त्रज्ञानेच, खडकाचे पातळ छेद पाहून आणि कार्बनचे तापमान मोजून सिद्ध करायचा आहे. शिवाय खडक जितका जुना, तितकी जीवाची खूण सापडण्याचे प्रमाण त्यांच्याच निकालांत घटत गेले आहे, म्हणून नकारात्मक उत्तरावरून ‘जीव नव्हता’ असे म्हणता येणार नाही.

अजिंक्यतारा यांच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काही दाखवायचे असेल, तर सांगलीहून बागलकोटकडे कलादगी खोऱ्यात जावे. तेथल्या शंभर कोटी वर्षांहून जुन्या डोलोमाइटात (चुनखडीसारख्या खडकात) सूक्ष्मजीवांच्या थरांनी रचलेले स्ट्रोमॅटोलाइट उघड्यावर दिसतात, एकावर एक चढलेल्या कमानींसारख्या ओळींत. हातोडा चालवू नये. छायाचित्र काढताना मापासाठी शेजारी नाणे ठेवावे आणि थर कोणत्या बाजूला कललेले आहेत, हे वहीत लिहून घ्यावे. ग्रीनलंडमधील ३७० कोटी वर्षांच्या कथित स्ट्रोमॅटोलाइटवर २०१८ मध्ये आक्षेप आला, तो खडकाच्या तिन्ही बाजू पाहिल्यावर त्या कमानी म्हणजे खडक दाबला गेल्याने पडलेल्या घड्या असाव्यात, असे दिसल्यामुळेच.

अजिंक्यतारा (सातारा)

सर, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना नक्की घेऊन जातो. छायाचित्रे आणि नोंदी याच धाग्यावर टाकेन, तेव्हा तपासून द्याव्यात.